दोन धनी, एकच जमाखर्च

१७७६ साली इंग्लंडच्या करखात्याने जॉन वेस्ली या पाद्र्याला तगाद्याचे पत्र धाडले. चांदीच्या भांड्यांवर कर बसला होता. एवढ्या नावाजलेल्या माणसाने घरच्या चांदीची नोंद अजून केलेली नाही, म्हणजे तो ती लपवतो आहे, असा साहेबांचा तर्क होता. वेस्लीने दोन ओळींत उत्तर दिले. लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत, ब्रिस्टलला दोन आहेत, आणि भोवतालच्या इतक्या लोकांना भाकरीची भ्रांत असताना याहून जास्त घेण्याचा विचार नाही. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती, देशभर त्याचे हजारो अनुयायी होते आणि त्याची स्वस्त पुस्तके जोरात खपत होती. पैसा येत होता. चमचे मात्र चारच.

ख्रिस्ती औदार्यावर लिहायचे तर सुरुवात सहसा शास्त्रवचनाने होते. इथे ती करखात्याच्या पत्राने केली, आणि तीही मुद्दाम. देवाची चाकरी आणि धनाची चाकरी एकाच माणसाला एकाच वेळी करता येणार नाही, ही डोंगरावरच्या प्रवचनातली येशूची शिकवण मराठी ख्रिस्ती घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वेदीपाशी उभे राहून ती सांगणे फारसे अवघड नाही. अडचण होते ती रात्री कंदिलाशी हिशेबाला बसल्यावर. म्हणून या झगड्याचा खरा इतिहास प्रवचनांत कमी आणि जमाखर्चाच्या वह्यांत जास्त सापडतो. पैसा कुणाकडून आला, तो कुणी मागितला, कुणी मोजला, देणाऱ्याने काय अट घातली आणि देऊन झाल्यावर त्याच्या गाठीला किती उरले, हे वही सांगते. या पुस्तकाच्या विषयाची ओळख त्या वहीच्या अंगाने करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

वेस्लीची वही आणखी थोडी उलगडण्यासारखी आहे. उतारवयातल्या एका प्रवचनात त्याने एका माणसाचे आकडे दिले आहेत. तो माणूस म्हणजे तरुणपणी ऑक्सफर्डला असलेला वेस्लीच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वर्षाची मिळकत ३० पौंड होती तेव्हा त्याने २८ पौंडांत भागवले आणि २ पौंड दिले. पुढल्या वर्षी मिळकत ६० झाली. खर्च २८, दिले ३२. मग ९० झाले, तेव्हा दिले ६२. मग १२०, दिले ९२. मिळकत चौपट झाली, खर्चाचा आकडा जागचा हलला नाही. दशांश देणाऱ्याचा हिशेब दिलेल्या रकमेपासून सुरू होतो, वेस्लीचा उरलेल्या रकमेपासून. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने सगळे चित्र पालटते. मजुरीवर जगणाऱ्या घराने दहावा हिस्सा काढला तर तो ताटातून निघतो. बागायतदाराने काढला तर उरलेल्या नऊ हिश्शांत एक बंगला सहज उभा राहतो. दोघांनी नियम सारखाच पाळला, आणि तरी दोघांनी दिलेले सारखे नाही, हे कुणालाही कळते. मंडळीच्या वार्षिक अहवालात मात्र मोठा आकडाच वर छापला जातो.

होईल तितके कमवा, होईल तितके वाचवा, होईल तितके द्या, असे वेस्लीचे तीन नियम होते. अनुयायांनी पहिले दोन मनापासून पाळले. दारू सुटली, जुगार सुटला, हात कामाला लागले, आणि एका पिढीत बरेच जण पैसेवाले झाले. १७८६ मध्ये वेस्लीने स्वतःच ही चिंता लिहून ठेवली आहे: धर्माने माणूस उद्योगी आणि काटकसरी होतो, त्यामुळे श्रीमंत होतो, आणि श्रीमंती वाढली की धर्म पातळ होतो. पुढे माक्स वेबरने भांडवलशाही आणि प्रोटेस्टंट नीतीवरच्या १९०४-०५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधाच्या नंतरच्या सुधारित आवृत्तीत नेमका हाच उतारा वापरला. १७९१ मध्ये वेस्ली वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात एक कलम होते. शववाहिनी नको, घोडागाडी नको. सहा गरीब माणसांनी खांदा द्यावा आणि सहा पौंड त्यांच्यात वाटावेत. मेल्यावरही शेवटची मजुरी त्याने रोखीने चुकती केली.

नव्या करारात पैशाच्या गोष्टी किती आहेत, हे सलग वाचल्यावर ध्यानात येते. श्रीमंत तरुण येशूकडे येतो, सगळे विकून गरिबांना देण्याचे ऐकतो आणि खिन्न होऊन परत जातो. जक्कय हा जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट भरपाई कबूल करतो. दान आणि भरपाई या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्या जकातदाराला बरोबर समजले होते. लुबाडलेल्या पैशातून दानशूर म्हणवून घेणाऱ्यांना ते आजही समजत नाही. आणि मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणारी विधवा तर सर्वांच्या परिचयाची. तिच्यावरची प्रवचने बहुधा तिच्या त्यागाशी थांबतात. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र त्या प्रसंगाच्या अगदी आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो आणि लगेच नंतर त्या भव्य मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे सांगतो. तेव्हा ही गोष्ट विधवेच्या कौतुकाची आहे की तिच्याकडून शेवटची दमडीही घेणाऱ्या व्यवस्थेवरच्या संतापाची, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. तो टाळून अर्पणाची थैली फिरवणे सोयीचे असते, इतकेच.

पौलाचे पाहावे. यरुशलेमच्या गरीब मंडळीसाठी त्याने मासेदोनिया, अखया अशा प्रांतांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय या वर्गणीवरच खर्ची पडले आहेत, आणि उदारपणाबद्दलची त्यातली वाक्ये अर्पणाच्या पाकिटांवर छापली जातात. त्याच अध्यायांत एक रुक्ष तपशील आहे, तो पाकिटांवर येत नाही. ही रक्कम पौल एकटा नेणार नाही. मंडळ्यांनी निवडलेली भरवशाची माणसे सोबत असतील, म्हणजे पैशावरून कुणाला बोट दाखवायला जागा उरणार नाही. स्वतः तो तंबू शिवून पोट भरत असे. त्याला देवावर भरवसा होता, आणि मोजणारे हात एकाहून अधिक असावेत हेही त्याला पटत होते. यात त्याला विसंगती वाटली नाही.

पुढच्या शतकांचा हिशेब लांबलचक आहे, तो इथे मांडत बसण्याचे कारण नाही. पण एक खाते वगळता येत नाही. मार्टिन लूथरने १५१७ मध्ये ज्या पापक्षमापत्रांविरुद्ध आवाज उठवला, त्यांच्या विक्रीचे निमित्त रोममधल्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामाचे होते. आत मात्र वेगळाच व्यवहार चालला होता. माइन्झचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्ट या तरुण सरदारपुत्राने रोमला मोठी रक्कम भरली. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ काढली होती. ठरले असे की क्षमापत्रांच्या उत्पन्नातला निम्मा भाग रोमला जाईल आणि निम्म्यातून फुगरांचे कर्ज फिटेल. क्षमापत्रे विकणाऱ्या टेट्झेलच्या पेटीबरोबर फुगरांचे मुनीमही फिरत. आईबापांचे आत्मे सुटावेत म्हणून गरीब जर्मन शेतकऱ्याने टाकलेले नाणे अर्ध्या वाटेवर सावकाराच्या वहीत जमा होत होते. पोप एवढा धनाढ्य असताना मंदिर स्वतःच्या पैशाने का बांधत नाही, हा प्रश्न लूथरच्या ९५ मुद्द्यांत आहे. धर्मसुधारणेच्या इतिहासात तत्त्वज्ञान फार सांगितले जाते; हे कर्जखाते त्याच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला एक अजब उत्तर पुढे आले: मागायचेच नाही.

त्याची सुरुवात एक्सेटरच्या एका दंतवैद्यापासून झाली. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज याचा धंदा चांगला चालत होता. १८२५ मध्ये त्याने एक पुस्तिका लिहिली आणि येशूने साठवण करू नका म्हटले त्याचा अर्थ साठवण करू नका असाच आहे, असे बजावले. नुसते लिहून तो थांबला नाही. धंदा सोडला, बगदादला गेला आणि १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याची बहीण मेरी हिचे लग्न १८३० मध्ये जॉर्ज म्यूलर या प्रशियन तरुणाशी झाले. म्यूलरचा बाप सरकारी करवसुली अधिकारी होता, आणि लहानपणी याच चिरंजिवांनी बापाजवळच्या सरकारी पैशावर डल्ला मारला होता. पैशाची ओढ काय असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. ज्याचा खिसा जड त्याला पुढची मऊ जागा, गरिबाने मागे उभे राहायचे, आणि पाद्र्याचा पगार या भाड्यातून. म्यूलरने लग्नाच्या वर्षीच ते भाडे बंद करवले आणि ठरलेला पगार सोडला. चर्चमध्ये एक पेटी ठेवली. ज्याला द्यायचे त्याने गुपचूप टाकावे. १८३६ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर अनाथ मुलांसाठी घर उघडले. पुढे शहराबाहेर अॅश्ली डाउनच्या टेकडीवर पहिली मोठी इमारत १८४९ मध्ये आणि पाचवी १८७० मध्ये झाली. पाच इमारतींत मिळून २,०५० मुलांची सोय होती. त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुले तिथून गेली. कर्ज काढायचे नाही, कुणा माणसाजवळ गरज बोलून दाखवायची नाही, गरज फक्त देवाला सांगायची, असा त्याचा दंडक होता.

प्रवचनांत हमखास येणारी एक गोष्ट आहे. सकाळी मुले रिकाम्या ताटांपुढे बसली आहेत आणि नेमकी दारात दूधवाल्याची गाडी मोडते. ती इथे बाजूला ठेवू. म्यूलरची वही तिच्याहून रंजक आहे. देणाऱ्याला क्रमांक घातलेली पावती मिळे, आणि वार्षिक अहवालात त्याच क्रमांकापुढे रक्कम छापली जाई. नाव नाही. देणाऱ्याला आपला पैसा पोचला हे कळे, शेजाऱ्याला कळत नसे. लाकडी बाकावर देणगीदाराचे नाव पितळी अक्षरांत कोरण्याची आपल्याकडची हौस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या क्रमांकाची किंमत कळेल.

टीका करणाऱ्यांनी तेव्हाही विचारले होते की मागायचे नाही म्हणता, मग दरवर्षी अहवाल कशाला छापता? टंचाईच्या रात्रींची वर्णने वाचून लोकांचे हात खिशाकडे जाणारच. आक्षेप रास्त आहे; न मागणे हीसुद्धा मागण्याची एक तऱ्हा होऊ शकते. म्यूलरला त्याची जाणीव होती, याला पुरावा आहे. १८४१ च्या डिसेंबरात संस्थेची तिजोरी खडखडीत होती आणि अहवालाची वेळ आली होती. अशा वेळी अहवाल म्हणजे उघड याचना ठरेल, म्हणून त्याने तो आणि त्याबरोबरची सभा पुढे ढकलली. निधी जमवणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या चिटणीसाला हे वाचून घाम फुटेल. १८९८ मध्ये तो वारला. त्याच्या हातून १० लाख पौंडांहून अधिक रक्कम गेली होती, आणि सामानसुमानासकट त्याची स्वतःची मालमत्ता भरली सुमारे १६० पौंडांची.

म्यूलरचे पुस्तक हजारो मैलांवर पुण्यात एका विदुषीने वाचले. इथून ही हकीकत मराठी होते.

पंडिता रमाबाईंना दानाची दोन्ही टोके ठाऊक होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या गंगामूळच्या आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांची ऊठबस असे. त्या आतिथ्यात आणि पुढे तीर्थयात्रांतल्या दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनांत शिल्लक संपली. मग दुष्काळ आला. भीक मागण्याची किंवा मोलमजुरी करण्याची सवय नाही, आणि तशी मनाची तयारीही नाही. आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक उपासमारीने गेली. उपाशी माणसाचा अभिमान काय करतो, हे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. दान घेणाऱ्याच्या बाजूने लिहिणारे फार थोडे असतात. त्यांत त्यांची गणना व्हावी.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले, त्याच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. त्याच वर्षअखेरीस बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचा शब्द दिला. शाळेत कुणावर धर्म लादायचा नाही, असे धोरण ठरले. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही शाळा उघडली. पुढल्या वर्षी ती पुण्यात आली.

आता यातली गाठ पाहावी. पैसा बॉस्टनचा, अट तटस्थतेची. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे, मुली पुण्या-मुंबईच्या घरांतल्या, आणि चालवणारी बाई मनाने दिवसेंदिवस अधिक उत्कट ख्रिस्ती होत चाललेली. आपल्या खोलीत ती प्रार्थना करी तेव्हा कुणी मुलगी येऊन बसली तर तिला हाकलायचे का? १८९३ मध्ये हे प्रकरण पेटले. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. या वादात रमाबाईंना निर्दोष ठरवण्याची गरज नाही. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. पण दोन धन्यांच्या चाकरीचा प्रश्न इथे जितका नागडा दिसतो तितका क्वचित दिसत असेल. बाईंपुढे धनी दोन नव्हते, चार होते: देव, देणगीदार, पालक आणि गाव.

दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपणार होती. रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. पुण्यापासून चाळीसेक मैलांवर सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. वर्गणी आटली तर बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा व्यवहारी हिशेब. म्यूलरचे चरित्र, हडसन टेलरच्या चीनमधल्या मिशनची हकीकत आणि जॉन पेटनचे आत्मवृत्त याच सुमारास त्या वाचत होत्या. एका हाताला विश्वास, दुसऱ्या हाताला संत्र्याची कलमे. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. तीनशे मुली वाचवायच्या असे त्यांच्या मनाने घेतले, आणि पैसा कुठून येणार याचे उत्तर नसताना त्या मध्य प्रांतातून मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर राहुट्या आणि झोपड्या उठल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे रोजचे दोन वेळचे जेवण म्हणजे काय, याची कल्पना करायला लग्नाच्या पंगतीचा अनुभव पुरत नाही. पंगत एक दिवस उठते. इथे उद्या पुन्हा तितकीच भाकरी, तितकेच सरपण, तितकेच पाणी. आणि मुलींना नुसते बसवून खायला घालायचे नाही, असा बाईंचा कटाक्ष. विणकाम, शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा आणि छापखाना ही कामे मुलींनीच चालवली. पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले, अंध मुलींना वाचन शिकवण्याची सोय झाली. या सगळ्याला ठरलेले उत्पन्न नव्हते. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत छापली आणि न आटणाऱ्या भांडाराबद्दल लिहिले. तरी हेही नमूद केले पाहिजे की परदेशी वाचकांसाठी इंग्रजी पत्रिका निघत होती आणि पैशाचा मोठा ओघ परदेशातूनच येत होता. म्यूलरवरचा आक्षेप इथेही लागू पडतो. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांकडे गाव पोटासाठी बाटलेले म्हणून पाहत असे, आणि भुकेल्याला दिलेल्या भाकरीबरोबर धर्म द्यावा का, या प्रश्नावर आजही एकमत नाही. ते व्हावे अशी घाई करू नये.

कवी नारायण वामन टिळकांचा पेच याच्या उलट होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. पगार परदेशी मिशनचा, गीते अस्सल मराठी वळणाची. परक्या पैशावर उभे राहिलेले ख्रिस्तीपण या मातीत रुजणार नाही, हे त्यांना सलत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाची वाट धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही.

मात्र टिळकांच्या औदार्याची पूर्ण वही पाहायची तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचावे लागते. कवीच्या हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसे. दारी आलेला कुणीही विन्मुख जायचा नाही. त्याच घरात चूल पेटवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर. दात्याचे नाव होते, आणि त्या दानासाठी डबे खरवडणारी बाई स्वयंपाकघरात असते. संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी हे खाते सहसा कोरेच ठेवले आहे. लक्ष्मीबाईंनी ते विनोदाच्या अंगाने, पण पै-पैशासह भरून ठेवले. ख्रिस्ती औदार्यावरचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक ग्रंथ तोच, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वयंपाकघराचा विषय निघाला आहे तर मिझोरामकडे वळायला हवे. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतल्या बायकांनी १९१० मध्ये एक रीत सुरू केली. भात रांधण्यापूर्वी त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात काढायचा आणि तो मंडळीला द्यायचा. मिझो भाषेत तिला बुहफाइ थाम म्हणतात. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची सख्खी बहीण. तिथे रोकड फारशी नव्हती, मूठ प्रत्येकीला होती. गोळा झालेला तांदूळ विकून मंडळीची कामे चालत. वेल्श मिशनऱ्यांनी लावलेली ही मंडळी आज आपल्या पैशाने इतर प्रांतांत प्रचारक पाठवते. यात कुणी एक मोठा दाता नाही, त्यामुळे अट घालणाराही कुणी नाही. रमाबाईंना आणि टिळकांना जो प्रश्न छळत होता, त्याचे एक उत्तर मिझो बायकांनी तांदळाच्या भांड्यात शोधले होते.

महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत सुगीचा सण होतो, ज्याला सगळे सरळ ‘हार्वेस्ट’ म्हणतात. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा असा सगळा पसारा मांडलेला असतो. उपासना आटोपली की लिलाव. पुकारणारा भोपळा डोक्यावर धरून ओरडतो, बोली चढत जाते, आणि बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा पाचशेला सुटतो. घेणारा कधी कधी तोच भोपळा पुन्हा अर्पण करतो आणि लिलाव नव्याने सुरू होतो. मजा असते, पोरे हसतात, मंडळीचा निधीही वाढतो. शेजाऱ्याच्या बोलीवर बोली चढवताना देवाची सेवा किती आणि गावातली पत किती, हे त्या चढाओढीत ज्याचे त्यालाच कळत असेल. वसईच्या कॅथॉलिकांनी पैशाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. १९१८ मध्ये तिथे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जाऊ न देणे हेही औदार्यच. फक्त त्याला पासबुक असते.

याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या टीव्हीवरचे प्रचारक. देवाला पैसे द्या म्हणजे तो पटीने परत करील, ही ओरल रॉबर्ट्सची ‘बीज पेरण्या’ची शिकवण १९७० च्या सुमारास फोफावली. १९८७ मध्ये याच गृहस्थाने जाहीर केले की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला उचलून नेईल. पैसे जमले. दोनच वर्षांनी जिम बेकर या दुसऱ्या प्रचारकाला देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल तुरुंगाची शिक्षा झाली. वेस्लीने दान दिल्यावर किती उरते ते मोजले होते. इथे किती परत येईल ते मोजले जाते. या शिकवणीचे मराठी अवतार आता मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ ऐकू येतात, खाली क्यूआर कोडसह. त्यांना ख्रिस्ती औदार्य म्हणणे जिवावर येते.

आजच्या भारतात पैशाची वही कायद्यानेही बांधली आहे. परदेशी देणग्यांवर १९७६ मध्ये पहिला कायदा आला, २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. एका संस्थेला तो दुसरीकडे वळता करता येत नाही. या कायद्याच्या वापरावर टीका आहे आणि ती सगळी निराधार नाही. पण त्याने मराठी मंडळ्यांना एक जुना प्रश्न नव्याने विचारला, आणि टिळकांनी तो १९१७ मध्येच विचारला होता. दुसरीकडे मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा, बंगले यांवरून विश्वस्तांचे तंटे धर्मादाय आयुक्तांपासून उच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे चालले आहेत. बाहेरून पैसा येणे कमी झाले तेव्हा आतल्या पैशावर नजर गेली. पौलाने सोबत माणसे का नेली, हे त्या खटल्यांचे कागद वाचल्यावर स्पष्ट होते.

पुढील पानांत या सगळ्याचा विस्तार आहे, पण त्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे. ज्यांच्याबद्दल लिहिले ते बहुतेक सगळे चरित्र लिहिली गेलेली माणसे आहेत. नगर, सोलापूर, जालना, वसई, कोल्हापूर भागातल्या साध्या मंडळ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत आठवड्याला किती आणे जमवले, ते कशावर खर्च केले, दुष्काळात कुणाला किती पायल्या ज्वारी दिली, याचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. त्याची साधने आहेत. जुन्या चर्चच्या कपाटांत, पंचांच्या घरच्या ट्रंकांत, निवृत्त गुरुजींच्या माळ्यावर मंडळीच्या कीर्दी, पावतीपुस्तके आणि अर्पणाची टिपणे पडून आहेत. कसर लागते आहे, आणि घर आवरताना ती रद्दीत जातात. ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी वही असेल त्यांनी ती टाकू नये. निदान तिच्या पानांचे फोटो काढून जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाकडे पोचवावेत. शाई फिकी पडलेली असली तरी चालेल, आकडे वाचता आले म्हणजे झाले.